रक्तातली खूण

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पनवेल मागे टाकले, की दांड फाटा लागतो. तिथून आत वळले, की मोहोपाडा आणि रसायनी. जवळच माणिकगड उभा आणि खालून पाताळगंगा वाहते. खोपोलीच्या वीजघरातून १९१५ पासून सोडले जाणारे पाणी या नदीला मिळते, म्हणून ती भर उन्हाळ्यातही आटत नाही. रासायनिक कारखान्यांना हेच हवे होते. १९६० साली हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, १९७०च्या सुमारास इथला कारखाना सुरू झाला, आणि रसायनांवरून या परिसराचे नावही रसायनी असे रूढ झाले. नायट्रोबेन्झीन, ॲनिलीन, नायट्रिक ॲसिड ही नावे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असत. २०१७ साली सरकारने इथले बहुतेक प्लांट बंद करण्याचा निर्णय घेतला. अग्निबाणाच्या इंधनाबरोबर लागणारे नायट्रोजन टेट्रॉक्साइड बनवणारा प्लांट तेवढा इस्रोकडे सोपवायचे ठरले.

या पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी १९७६ पासून तेहतीस वर्षे काढली. माझे काम साधे होते. प्लांटमधून बाटली येई, त्या बाटलीत काय आहे आणि किती आहे हे मी सांगायचे. गॅस क्रोमॅटोग्राफच्या कागदावर पेन चालत राही आणि डोंगरासारखे उंचवटे काढी. प्रत्येक उंचवटा म्हणजे एक पदार्थ. आम्ही त्याला 'पीक' म्हणत असू. नवा मुलगा कामावर आला, की मी त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत असे : पीक दिसणे सोपे आहे, त्याचा अर्थ लावणे अवघड आहे.

हे वाक्य मला स्वतःला किती अपुरे समजले होते, ते १९८९च्या पावसाळ्यात कळले. माझा एक सहकारी, शिफ्ट इनचार्ज, रात्रपाळी संपता संपता छातीवर हात धरून खाली बसला आणि तासाभरात गेला. वय ४६. साताऱ्याकडचा, माळकरी माणूस. वर्षाच्या वैद्यकीय तपासणीत त्याचे कोलेस्टेरॉल, साखर, कार्डिओग्राम सगळे 'नॉर्मल' होते. तेराव्यानंतर त्याच्या घरी गेलो, तेव्हा वहिनींनी मला विचारले, "भाऊजी, तुम्ही एवढ्या बाटल्या तपासता. पाण्यात सुईच्या टोकाएवढं काही असलं तरी तुम्हाला दिसतं म्हणे. मग यांच्या रक्तात काहीच कसं दिसलं नाही?"

मला उत्तर देता आले नाही. आज जे सांगणार आहे, ते त्या प्रश्नाचा इतिहास आहे. त्यात यंत्रे आहेत, पुण्यातला एक महत्त्वाचा अभ्यास आहे आणि एक मोठा अपेक्षाभंगही आहे.

आधी एक उदाहरण आमच्याच धंद्यातले. ॲनिलीन किंवा नायट्रोबेन्झीन अंगावर उडाले किंवा श्वासावाटे गेले, तर कामगाराचे ओठ आणि नखे निळसर पडतात. रक्तातल्या हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन होते आणि ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. रक्त तपासले की ते मोजता येते. ते वाढले, की माणसाला त्या जागेवरून हलवायचे, अंग धुवायचे आणि गरज पडल्यास शिरेतून मेथिलीन ब्लू द्यायचे. मेथहिमोग्लोबिन उतरते आणि माणूस सावरतो. खूण, कारण आणि उपाय एका रेषेत. रक्तातली खूण असावी तर अशी. इंग्रजीत अशा खुणेला 'बायोमार्कर' म्हणतात.

रक्तवाहिन्यांच्या विकाराचे तसे नाही. तो वीस-तीस वर्षे गुपचूप वाढतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात उतरते आणि डॉक्टरांना झटका आल्याचे कळते. पण ही घर जळल्यानंतरची राख झाली. हवी असते ती आधीची धग. तिचा शोध गेली शंभर वर्षे चालू आहे.

या शोधातला सर्वांत यशस्वी साक्षीदार म्हणजे कोलेस्टेरॉल. १९१३ साली रशियात अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातले आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांत थर साचलेले दाखवले. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ पासून हजारो माणसांची वर्षानुवर्षे तपासणी झाली. ज्यांचे कोलेस्टेरॉल जास्त, त्यांना पुढे हृदयविकार जास्त, असे आढळले. तरीही शंका उरली होती, कारण पुढे-मागे दिसणे म्हणजे कारण असणे नव्हे. कोंबडा आरवतो आणि मग सूर्य उगवतो, म्हणून कोंबडा सूर्याला उगवत नाही. ती शंका मोठ्या प्रमाणावर फिटली ती १९९४ साली. स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीत सिमव्हास्टॅटिन या गोळीने कोलेस्टेरॉल उतरवले, आणि मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. खूण उतरवली आणि रोगही उतरला.

म्हणजे कोणत्याही खुणेला तीन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली, आजारी आणि निरोगी माणसांत ती वेगळी दिसते का? दुसरी, ती रोगाच्या आधी दिसते का? आणि तिसरी, सर्वांत कडक : ती बदलली तर माणसाचे भले होते का? या तीन परीक्षा लक्षात ठेवा, पुढे लागतील.

पण कोलेस्टेरॉल 'नॉर्मल' असलेल्यांनाही झटके येतात. माझा सहकारी एकटा नव्हता. रक्तात आणखी काही आहे का, हा प्रश्न होताच. तो विचारायला वेगळे यंत्र लागणार होते.

ते यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. मराठीत वस्तुमानमापक म्हणू. आपल्याकडे कर्जत-खालापुरात भात झोडले, की वाऱ्याच्या तोंडी उभे राहून उफणणी करतात, ती तुम्ही पाहिली असेल. सूप उंच धरून धान्य हळूहळू सोडायचे. भरलेला दाणा पायाशी पडतो, पळींज थोडे लांब, आणि कोंडा आणखी लांब उडतो. वारा सगळ्यांना सारखाच, पण वजनाप्रमाणे प्रत्येकाची जागा वेगळी. मास स्पेक्ट्रोमीटर हेच रेणूंच्या बाबतीत करतो. रेणूंना विजेचा भार द्यायचा, निर्वात पोकळीत धावायला लावायचे आणि चुंबकाने किंवा विद्युतक्षेत्राने वळवायचे. हलके जास्त वळतात, जड कमी. कोण कुठे पडले यावरून त्याचे वजन कळते, आणि वजनावरून ओळख.

केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांनी १९१२च्या सुमारास निऑन वायूचे दोन वेगळ्या वजनांचे अणू असे ओळखले. त्यांचे सहकारी ॲस्टन यांनी १९१९ साली त्यासाठी नेमके यंत्र बांधले आणि १९२२चे नोबेल मिळवले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेल कंपन्यांनी ते उचलले. आणि १९५०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या डाऊ केमिकल कंपनीत गोल्के आणि मॅक्लॅफर्टी या दोघांनी गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर एकमेकांना जोडले. पहिल्या यंत्राने मिश्रण वेगळे करायचे, दुसऱ्याने प्रत्येक घटकाची ओळख पटवायची. मला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते. पुढे माणसाच्या रक्ताची झडती घेणारी ही जोडी जन्माला आली ती आमच्यासारख्याच एका रासायनिक कंपनीच्या प्रयोगशाळेत.

नुसती ओळख पटून भागत नाही, मोजमापही हवे. त्यासाठी एक सुंदर युक्ती आहे. समजा, तांदळाच्या पोत्यात एकूण दाणे किती ते सांगायचे आहे. मोजत बसलात तर आठवडा जाईल. त्याऐवजी हजार अक्षता, म्हणजे कुंकू लावलेले दाणे, मोजून पोत्यात टाका आणि नीट कालवा. मग एक मूठ काढा. मुठीत पांढरे किती आणि लाल किती, या प्रमाणावरून पोत्याचा हिशेब निघतो. मूठ मोठी की छोटी, थोडे दाणे सांडले की नाही, याने फरक पडत नाही. रसायनशास्त्रात अक्षतांऐवजी त्याच पदार्थाचे जड रेणू टाकतात. त्यात साध्या हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन, म्हणजे ड्यूटेरियम असते. तेच ते ड्यूटेरियम, ज्याचे जड पाणी आपल्याच रायगड जिल्ह्यात अलिबागजवळच्या थळ येथे १९८७ पासून तयार होते. यंत्राला साधा रेणू पांढरा दिसतो आणि जड रेणू लाल. तुमच्या किडनीच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनपुढे कधी कधी 'आयडीएमएस' अशी चार अक्षरे असतात, ती या युक्तीचीच खूण. जगातल्या प्रयोगशाळांचे कोलेस्टेरॉलचे मोजमापही शेवटी याच पद्धतीच्या कसोटीवर घासून घेतले जाते.

आता आपली गोष्ट होमोसिस्टीनकडे येते. हे एक अमिनो आम्ल. १९३२ साली अमेरिकेत द्यू व्हिन्यो यांनी ते शोधले. तीस वर्षांनी, १९६२ साली, उत्तर आयर्लंडमध्ये काही मतिमंद मुलांच्या लघवीत ते भरमसाट सापडले. हा जन्मजात विकार होता. या मुलांना कोवळ्या वयात रक्ताच्या गुठळ्या होत.

हार्वर्डमधले रोगनिदानतज्ज्ञ किल्मर मॅक्कली यांच्यापुढे दोन मुलांच्या शवविच्छेदनाचे नमुने आले. एक आठ वर्षांचा मुलगा १९३३ मध्ये पक्षाघाताने गेला होता. त्याच्या जपून ठेवलेल्या काचपट्ट्या त्यांनी पुन्हा पाहिल्या. दुसरे मूल जेमतेम दोन महिन्यांचे. दोघांच्या शरीरातली रासायनिक चूक वेगवेगळी, पण दोघांच्याही रक्तात होमोसिस्टीन जास्त, आणि दोघांच्याही रक्तवाहिन्या म्हाताऱ्या माणसासारख्या कठीण. मॅक्कलींनी १९६९ साली मांडले : चुका दोन, पण समान गोष्ट एकच, म्हणजे दोष होमोसिस्टीनचा. मग साध्या माणसांतही थोडे वाढलेले होमोसिस्टीन रक्तवाहिन्या बिघडवत असेल का?

तर्क बिनतोड होता, पण काळ कोलेस्टेरॉलचा होता. त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांना हार्वर्ड सोडावे लागले. शिवाय एक अडचण होती. साध्या माणसाच्या रक्तात होमोसिस्टीन इतके थोडे असते, आणि तेही प्रथिनांना चिकटलेले, की ते नीट मोजताच येत नव्हते.

ती अडचण सोडवली डेन्व्हरच्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या सॅली स्टेबलर आणि रॉबर्ट ॲलन यांच्या गटाने. त्यांनी गॅस क्रोमॅटोग्राफ-मास स्पेक्ट्रोमीटरची जोडी आणि जड हायड्रोजनच्या अक्षता वापरून १९८६ आणि १९८७ साली रक्तातले दोन पदार्थ नेमके मोजले : मिथिलमॅलोनिक आम्ल आणि होमोसिस्टीन. गंमत म्हणजे त्यांना हृदयविकारात रस नव्हता. ते बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता शोधत होते. शरीरात होमोसिस्टीनचा निचरा व्हायला बी-१२ आणि फोलेट अशी दोन जीवनसत्त्वे लागतात. मिथिलमॅलोनिक आम्लाचा निचरा व्हायला मात्र फक्त बी-१२ लागते. म्हणून दोन्ही वाढले, तर बोट बी-१२ कडे जाते. १९८८ साली त्यांनी दाखवले, की रक्त कमी झालेले नसतानाही बी-१२ अभावी मज्जातंतू आणि मन बिघडलेले रुग्ण असतात. रक्ताचा नेहमीचा रिपोर्ट 'नॉर्मल', आणि माणूस आजारी.

एकदा नेमके मोजता येऊ लागल्यावर १९९०च्या दशकात होमोसिस्टीनची लाटच आली. पुढे तर साध्या यंत्रांवरही ते मोजता येऊ लागले. एकामागून एक अभ्यासात हृदयरुग्णांचे होमोसिस्टीन जास्त सापडत होते. लंडनमधल्या भारतीय वंशाच्या पुरुषांत ते गोऱ्यांपेक्षा जास्त, असे २००० साली प्रसिद्ध झाले. भारतीयांना हृदयविकार लवकर का होतो, या कोड्याची किल्ली सापडली, असे अनेकांना वाटले. मलाही वाटले. मी ते वाचून वहिनींना सांगायला निघालो होतो. मग म्हटले, थांबावे.

थांबलो ते बरे केले. कारण पुढचा धडा पुण्याहून आला.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहावर काम करीत होते. नॉर्वेच्या हेल्गा रेफ्सम यांच्यासोबत त्यांनी पुण्यातल्या २७ ते ५५ वयाच्या २०४ स्त्री-पुरुषांचे रक्त तपासले. चार गट होते : हृदयविकार असलेले, मधुमेह असलेले, दोन्ही असलेले आणि निरोगी. २००१ साली निष्कर्ष छापून आले. ७७ टक्के लोकांचे होमोसिस्टीन वाढलेले होते. ७३ टक्क्यांचे मिथिलमॅलोनिक आम्लही वाढलेले. म्हणजे कारण बी-१२ची कमतरता. फोलेटची कमतरता मात्र क्वचितच आढळली; आपल्या जेवणातल्या डाळी आणि पालेभाज्या आठवल्या तर त्याचे नवल वाटत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे : चारही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. हृदयरुग्णांचे होमोसिस्टीन जास्त, तसेच धडधाकट माणसांचेही जास्त.

जरा विचार करा. पहिलीच परीक्षा : आजारी आणि निरोगी माणसांत खूण वेगळी दिसते का? पुण्यात उत्तर आले, नाही. गावात घरटी एक लाल पागोटे असेल, तर चोराने लाल पागोटे घातले होते या साक्षीचा उपयोग काय?

पण पुण्याच्या मंडळींनी हा निकाल बाजूला टाकला नाही. हृदयविकाराची खूण म्हणून जे चालले नाही, त्याने दुसरीच मोठी गोष्ट उघड केली होती. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून ४४१ पुरुष त्यांनी तपासले. २००६ साली छापलेल्या त्या अभ्यासात ६७ टक्क्यांचे बी-१२ कमी निघाले, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांचे. खाऊन-पिऊन सुखी घरांत ही स्थिती. बी-१२ वनस्पतींत जवळजवळ नसतेच. ते दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. शाकाहारी घरात दूधही चहापुरतेच असेल, तर ते येणार कुठून? त्यानंतर पुण्याजवळच्या गावांत त्यांनी रोज २ किंवा १० मायक्रोग्रॅम एवढीच बी-१२ची मात्रा वर्षभर देऊन पाहिली. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एवढ्यानेही होमोसिस्टीन उतरले. २०१० साली हे प्रसिद्ध झाले.

आता तिसरी परीक्षा. होमोसिस्टीन उतरवले, तर झटके कमी होतात का? २००६ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकदमच आले. एक नॉर्वेतली, ३,७४९ हृदयरुग्णांवर. दुसरी अनेक देशांतली, ५,५२२ जणांवर. बी गटातल्या जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन ठरल्याप्रमाणे उतरले. हृदयविकाराचे झटके मात्र कमी झाले नाहीत. दुसऱ्या चाचणीत पक्षाघात थोडे कमी दिसले, तेवढाच दिलासा. या चाचण्या मुख्यतः पाश्चात्त्य देशांतल्या. पुण्याइतकी बी-१२ची टंचाई तिथे नव्हती, हे खरे. पण हृदयविकाराच्या पिंजऱ्यात उभा केलेला हा आरोपी फार तर साक्षीदार निघाला.

मग यंत्रे थांबली का? नाही, उलट आणखी धारदार झाली. प्रथिनांसारखे अवजड रेणू न मोडता हवेत उडवणे अशक्य मानले जात असे. जपानच्या शिमाद्झू कंपनीत कोईची तानाका या तरुण अभियंत्याकडून धातूच्या भुकटीत चुकून ग्लिसरीन पडले. भुकटी महाग म्हणून त्याने टाकून न देता वापरली, आणि नेमके त्यातच प्रथिन अखंड उडाले. अमेरिकेत जॉन फेन यांनी विद्युतभारित तुषारांची दुसरी वाट काढली. दोघांना २००२ सालचे नोबेल मिळाले. तेव्हापासून रक्तातली शेकडो प्रथिने एकदम पाहता येऊ लागली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि मुंबईच्या आयआयटीतही असे काम चालते.

तरी दवाखान्यापर्यंत पोचलेल्या नव्या तपासण्या मोजक्याच. याचे एक कारण रक्तातच आहे. रक्तद्रवातल्या प्रथिनांपैकी निम्म्याच्या आसपास एकटे अल्ब्युमिन, आणि वीस-बावीस प्रथिनांनी मिळून ९९ टक्के वजन व्यापलेले. उरलेल्या एका टक्क्यात बाकीची सारी. भाताच्या कोठारात एक मोहरी शोधावी तसे. दुसरे कारण असे, की हजार गोष्टी एकदम मोजल्या तर त्यातल्या काही निव्वळ योगायोगानेही हृदयविकाराशी जुळतात. ज्योतिषाने शंभर भाकिते केली, तर पाच-दहा खरी ठरायचीच.

अलीकडचे एक उदाहरण तर आम्हा कोकणातल्या लोकांना हसवणारे आहे. अमेरिकेत क्लीव्हलंड क्लिनिकच्या स्टॅन्ली हेझन यांच्या गटाने २०११ साली मास स्पेक्ट्रोमीटरने रक्ताची झडती घेऊन टीएमएओ नावाचा पदार्थ पकडला. अंडी, मांस यांतल्या घटकांपासून आतड्यातले जंतू एक पदार्थ तयार करतात आणि यकृतात त्याचे टीएमएओ होते. ज्यांच्यात ते जास्त, त्यांना पुढे झटके जास्त, असे २०१३ साली चार हजारांवर लोकांत दिसले. पहिल्या दोन परीक्षा झाल्या. पण समुद्राच्या मासळीत हा पदार्थ आयताच असतो. बांगड्याची आमटी ओरपली, की रक्तात त्याचा आकडा चढतो. आणि मासे खाणे हृदयाला वाईट, असे काही कोणाला आढळलेले नाही. किडनी मंदावली तरी तो चढतो. म्हणजे आकडा एक, अर्थ अनेक. सेरामाइड नावाच्या स्निग्ध पदार्थांची मास स्पेक्ट्रोमेट्रीची तपासणी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१६ पासून देऊ केली, तिचा धोका ओळखायला उपयोग होतो असे दिसते. तिसऱ्या परीक्षेचा निकाल मात्र अजून लागायचा आहे.

गेल्या वर्षी माझ्या त्या सहकाऱ्याचा मुलगा घरी आला. बाप गेला तेव्हा हा पाच वर्षांचा होता. आता चाळिशी ओलांडली आहे, पाताळगंगेच्याच औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. हातात कुठल्याशा 'हार्ट पॅकेज'चा चकचकीत रिपोर्ट. त्यात होमोसिस्टीन ३४, लाल अक्षरांत. बी-१२ तळाला. तो म्हणाला, "काका, बाबांना हेच होतं का? मला पण तेच होणार?"

सदतीस वर्षांपूर्वी मला नोकरीत तेरा वर्षे झाली होती असे म्हणावे, तर तेव्हा वहिनींच्या प्रश्नावर मी गप्प बसलो होतो. या वेळी बोललो. म्हटले, "हा आकडा तुझ्या हृदयाचं भविष्य सांगत नाही. तुला बी-१२ कमी पडतंय, एवढं तो सांगतोय. ते डॉक्टरांना दाखवून भरून काढ, कारण त्याने तुझे मज्जातंतू आणि रक्त जपले जाईल. पण गोळी घेतली म्हणजे हृदयाचा विमा उतरवला, असं समजू नकोस. त्यासाठी रक्तदाब बघ, साखर बघ, कोलेस्टेरॉल बघ. पाठीवरची ओझी जुनीच आहेत."

मग थोडा वेळ थांबून मी त्याला एक गोष्ट सांगितली, जी त्याच्या आईला सांगायचे धाडस मला कधी झाले नव्हते. त्याचे वडील रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून तंबाखू मळत. पहिला चहा, पहिली चिमूट. दुसरा चहा, विडी. चंची त्यांच्या खिशात सदैव असे. आम्ही सगळे ती पाहत होतो. त्यांच्यापुढे हात पसरून मीही अनेकदा चिमूट घेतली आहे. तंबाखूमुळेच ते गेले, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एका माणसाच्या मरणाचे कारण असे मागे जाऊन कोणी ठरवू शकत नाही. पण रक्तात काहीच कसे दिसले नाही, असे वहिनी विचारत होत्या, तेव्हा मला ती चंची आठवत होती, आणि ती पाहायला कोणतेही यंत्र लागत नव्हते.

मुलगा काही बोलला नाही. रिपोर्टची घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली. त्याच खिशातून त्याने एक पुडी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवून गेला. ती त्याने कायमची सोडली की नाही, मला ठाऊक नाही. मी अजून विचारलेले नाही. येत्या दिवाळीला वहिनींकडे जाणार आहे, तेव्हा विचारीन.